टाके सुकले, तरी गॅस आवरत नाही

प्रश्न : ताई, मी २६ वर्षांची. माहेर मंगळवेढ्याकडचं, सासर सोलापुरात विडी घरकुलमध्ये. पहिलं बाळंतपण इथल्याच एका खासगी दवाखान्यात झालं, त्याला सात आठवडे झाले. रात्रभर कळा दिल्या. शेवटी बाळाचे ठोके कमी झाले म्हणून डॉक्टरांनी चिमटा लावला. एक बाई पोट दाबत होती, दुसरी ओरडत होती, ‘नीट जोर लाव, पोराला मारतीस का?’ टाके खूप पडले. मुलगी चांगली आहे, दूध पिते. पण मला गॅस आवरत नाही, संडासची घाई झाली की कधी कधी कपड्याला लागतं. खोकलं की लघवीचे थेंब येतात. सासूबाई म्हणतात, ‘नॉर्मलच झालीया की, होतंच असं. लोकांची तर सिझर होत्यात.’ आता विड्या वळायला बस म्हणतात. रात्री डोळा लागला की ती खोली दिसते. मिस्टर जवळ आले तरी अंगावर काटा येतो. मला जोर लावता आला नाही म्हणून असं झालं का? हे बरं होईल का? आणि पुढच्या वेळी सरळ सिझर करून घ्यावं का?
– एक बाळंतीण, सोलापूर

उत्तर :

पत्राच्या मधोमध एका ओळीत जे उरकून पुढे गेलीस, तिथूनच सुरुवात करते. गॅस आवरत नाही आणि कपड्याला शी लागते, हे ‘होतंच असं’ म्हणून सोडून द्यायचं नाही. खोकताना लघवीचे थेंब येणं निराळं. पहिल्या काही महिन्यांत ते पुष्कळ जणींना होतं आणि व्यायामाने बहुतेकींचं कमी होतं. शीवरचा ताबा सुटला असेल तर मात्र वाट बघत बसू नये. याच आठवड्यात दाखवून ये. माझं उत्तर पुढे वाचायला वेळ नसला तरी चालेल, पण तेवढं कर.

कारण सांगते, म्हणजे डॉक्टरांपुढे नेमकं बोलता येईल. मूल बाहेर येण्याची वाट आणि संडासची जागा यांच्यात दोन-तीन बोटांचंच अंतर असतं. संडासच्या जागेभोवती स्नायूचं कडं असतं, गॅस आणि शी धरून ठेवतं ते हेच. बाळंतपणात खालची जागा फाटली की डॉक्टर ती जखम चार पायऱ्यांत मोजतात. पहिल्या पायरीत नुसती कातडी, दुसरीत त्याखालचे स्नायू, तिसरीत हे कडं, आणि चौथीत कड्याच्या आतलं अस्तरसुद्धा. डॉक्टरांनी मुद्दाम छेद घेतला असला तरी तो पुढे फाटत कड्यापर्यंत जाऊ शकतो. ब्रिटनमधलं प्रसूतितज्ज्ञांचं रॉयल कॉलेज बायकांना जी माहिती देतं, तिच्यानुसार आपसूक झालेल्या बाळंतपणात तिसऱ्या-चौथ्या पायरीची जखम १०० पैकी साधारण ३ जणींना होते. व्हॅक्यूम (बाळाच्या डोक्याला हवेच्या ओढीने चिकटवायची वाटी) लावला तर ४ जणींपर्यंत, चिमटा (फोर्सेप्स) लावला तर ८ ते १२ जणींना. म्हणजे चिमटा लागलेल्या बहुतेक जणी यातून सुटतात. पण तुझी लक्षणं बघता तू त्या आठ-बारांतली आहेस का, हे कुणीतरी हात लावून तपासलंच पाहिजे. टाके किती पडले याला फारसा अर्थ नाही. कुठल्या थरात पडले ते विचार.

ही जखम कधी कधी त्या वेळी लक्षातच येत नाही. रक्त वाहत असतं, जागा सुजलेली असते, निम्मी माणसं बाळाकडे धावलेली असतात. म्हणून आता तपासताना डॉक्टर संडासच्या जागेत बोट घालून ‘आवळून धरा’ म्हणतील. लाज वाटेल, पण मिनिटभराचं काम आहे. त्यांनी केलं नाही तर ‘मागूनही तपासा’ असं तूच सांग. गरज वाटली तर त्या कड्याची सोनोग्राफीही करतात. आणि एक गोष्ट आधी घरीच नीट लक्ष देऊन बघ : गॅस किंवा शी पुढच्या वाटेने, म्हणजे योनीतून, येते का? येत असेल तर ते पहिल्या वाक्यात सांग, कारण मग दोन वाटांच्या मधल्या पडद्याला भोक राहिलंय का हे बघावं लागतं आणि त्याचा इलाज वेगळा आहे. ताप १००.४ च्या वर गेला, अंगावरून जाणाऱ्याला घाण वास आला, टाक्यांतून पू आला किंवा एकाच पोटरीला सूज येऊन ती दुखायला लागली, तर ओपीडीच्या वेळेची वाट बघू नकोस.

बरं होतं का? होतं. कड्याला जखम झाली आणि ती नीट शिवली गेली, तर वर्षभराने १०० पैकी ६० ते ८० जणींना काहीच त्रास उरत नाही. जी तेव्हा सुटून गेली, तिच्यावरही नंतर उपाय आहेत. आधी खालच्या स्नायूंची फिजिओथेरपी आणि पोट साफ राहील अशी औषधं, तेवढ्याने भागलं नाही तर सर्जनकडून दुरुस्ती. बाळंतपण झालं त्या दवाखान्यात जायला पाय उचलत नसेल तर सिव्हिलला जा. छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय हे वैशंपायन मेडिकल कॉलेजचं रुग्णालय असल्यामुळे स्त्रीरोग, सर्जरी आणि मानसोपचार असे तिन्ही विभाग एकाच आवारात आहेत, आणि तुला तिन्हींची गरज पडू शकते.

आता जोराचं. मी लेबर रूममध्ये नोकरी केलेली बाई आहे, तेव्हा हे मनापासून सांगते : चिमटा लागतो तो बाईच्या जोरात खोट असते म्हणून नव्हे. बाळाचं डोकं खाली येताना वळावं लागतं. ते आडवं राहिलं किंवा बाळाचं तोंड आईच्या पोटाकडे राहिलं, तर त्याला जागा जास्त लागते आणि कितीही जोर लावला तरी ते पुढे सरकत नाही. रात्रभराने गर्भाशयाच्या कळाच विरळ होतात. कंबरेत भूल दिलेली असली तर जोर कुठे लावायचा तेच उमगत नाही. पहिलटकरणीला गर्भपिशवीचं तोंड पूर्ण उघडल्यानंतर मूल बाहेर यायला तीन तासांपर्यंत लागू शकतात, असं जागतिक आरोग्य संघटनाच म्हणते. तुझ्या बाबतीत तर ठोके कमी झाले होते. तेव्हा मूल मिनिटांत बाहेर काढायचं असतं आणि डोकं इतकं खाली उतरलेलं असताना सिझर करणं सोपं नसतं. अडकलेलं डोकं वर ओढून घ्यावं लागतं, गर्भाशय फाटण्याची आणि रक्तस्रावाची भीती वाढते. अशा वेळी चिमटा किंवा व्हॅक्यूम हाच बऱ्याचदा कमी धोक्याचा मार्ग असतो. तुझ्या डॉक्टरांचा निर्णय बरोबर होता की नाही हे मी इथे बसून सांगणार नाही. पण तो निर्णय घ्यावा लागला याचा दोष तुझ्याकडे येत नाही.

पोट दाबण्याचं मात्र सांगते. कळा देणाऱ्या बाईचं पोट वरून दाबून मूल खाली ढकलणं करू नये, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ च्या शिफारशींत स्पष्ट लिहिलंय. त्याच शिफारशींत बाईला मानाने वागवा, तिच्या पसंतीचं माणूस सोबत राहू द्या आणि खालचा छेद सरसकट घेऊ नका, हेही आहे. सरकारी दवाखान्यांसाठी २०१७ पासून ‘लक्ष्य’ नावाचा कार्यक्रम याच गोष्टींसाठी चालू आहे. तरी ओरडणं थांबलेलं नाही. ‘पोराला मारतीस का’ हे वाक्य मी सुद्धा ऐकलेलं आहे, वेगवेगळ्या तोंडांतून. म्हणणाऱ्या बहुतेकजणी घाबरलेल्या असतात आणि दमलेल्याही, पण म्हणून ते वाक्य माफ होत नाही. सात आठवड्यांनी ते तुझ्या झोपेत येतंय.

चिमट्याची एक जुनी गोष्ट आहे. सतराव्या शतकात इंग्लंडमधल्या चेंबरलेन नावाच्या डॉक्टर घराण्याने हे अवजार बनवलं. खोल चमच्यासारखी दोन पाती, बाळाच्या डोक्याच्या दोन बाजूंनी बसणारी. धंदा हातचा जाऊ नये म्हणून शंभराहून अधिक वर्षं त्यांनी ते घराबाहेर कळू दिलं नाही. घराण्यातली जुनी अवजारं पुढे १८१३ मध्ये एसेक्समधल्या एका घरात लाकडी जमिनीखाली सापडली. आज अवजार गुपित राहिलेलं नाही, पण ज्या बाईला ते लावलं तिला का लावलं हे अजूनही कुणी सांगत नाही. तू मात्र विचार. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे रुग्णाने मागितल्यावर ७२ तासांत कागदपत्रं द्यावी लागतात. डिस्चार्ज कार्डावर भागवू नकोस, पूर्ण केसपेपर लेखी अर्ज करून माग. त्यात बघायचं ते असं : चिमटा लावायचं कारण काय लिहिलंय, डोकं कोणत्या स्थितीत होतं, छेद घेतला का, जखम कोणत्या पायरीची लिहिलीय आणि टाके घातल्यावर मागून तपासल्याची नोंद आहे का. मग डॉक्टरांना भेटायची वेळ घे आणि मिस्टरांना सोबत ने. भांडायला नव्हे, त्या रात्री काय घडलं हे शांतपणे ऐकायला. चांगला डॉक्टर अशा भेटीला नाही म्हणत नाही. नाही म्हणालाच, तर पुढच्या बाळंतपणासाठी तुला एक माहिती मिळाली असं समज.

(दिवस भरत आलेल्या कुणी हे वाचत असतील तर एवढं लक्षात ठेवा. २०१९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ब्रिटनमधल्या ३,४२७ बायकांवरचा अभ्यास आला. चिमटा किंवा व्हॅक्यूमनंतर सहा तासांच्या आत अँटिबायोटिकचा एकच डोस शिरेतून दिला तर जंतुसंसर्ग १९ टक्क्यांवरून ११ टक्क्यांवर आला. आपल्या डॉक्टरांना आधीच विचारून ठेवायला हरकत नाही. आणि व्हॅक्यूमने बाळाच्या डोक्यावर आलेला फुगा बघून घाबरू नका, साधा असेल तर तो एक-दोन दिवसांत बसतो. मात्र डोकं वाढत्या सुजेने मऊ लागलं किंवा बाळ फिकट, मलूल दिसलं तर तेव्हाच्या तेव्हा दाखवा. अशा बाळांना काविळीवरही थोडं जास्त लक्ष द्यावं लागतं.)

घरचं सांगायचं तर तुझा पहिला शत्रू बद्धकोष्ठ. आपल्याकडे बाळंतिणीला पाणी कमी, फळं बंद, पालेभाज्या बंद, वर डिंकाचे लाडू आणि कडक भाकरी. त्यात लोहाच्या गोळ्या, ज्या बाळंतपणानंतर १८० दिवस घ्यायच्याच असतात आणि पोट बांधतात. मग संडासला कुंथावं लागतं आणि सगळा ताण टाक्यांवर आणि त्या कड्यावर येतो. लाडू खा, अळिवाची खीर खा, शेपू खा, त्यात काहीच वाईट नाही. पण पाणी तहानेपेक्षा जास्त पी. अंगावर पाजणारी बाई, त्यात सोलापूरचं ऊन, इथे ‘पाण्याने पोट सुटतं’ ही समजूत परवडणारी नाही. पपई, पेरू, मेथी सगळं चालतं. पोट साफ होण्याचं औषध मात्र तपासणी झाल्यावर डॉक्टरांना विचारूनच घे. तुझी शी आधीच सुटतेय, ती फार पातळ करून चालणार नाही.

शेगडीचा शेक घ्यायचा असेल तर पाठ-कंबरेला घे, खाली नको. बंद खोलीत कोळसा तर अजिबात नको, धूर न दिसताही तो जीव घेतो. दुखत असेल तर टबात कोमट पाणी घेऊन दहा-पंधरा मिनिटं बस, डेटॉल टाकायची गरज नाही, आणि नंतर सुती कापडाने टिपून घे. पोट करकचून बांधू नकोस, दाब खालीच येतो. दुखण्याची गोळी घेतली तर दुधातून बाळाला अपाय होईल म्हणून अंगावर दुखणं काढणाऱ्या बायका मी फार पाहिल्या. पॅरासिटामॉल आणि आयब्युप्रोफेन दूध पाजताना चालतात. अॅसिडिटी, अल्सर किंवा दमा असेल तर आधी विचारून घे.

खालच्या स्नायूंचा व्यायाम आजपासून झोपल्या झोपल्या सुरू कर. चारचौघांत गॅस येतोय आणि तो धरायचाय, शिवाय लघवीही धरायचीय, असं समजून खालची जागा आत-वर ओढ. श्वास चालू ठेव, मांड्या आणि ढुंगण आवळू नकोस. सुरुवातीला तीन-चार सेकंदसुद्धा धरवणार नाही, धरवेल तेवढं धर. हळूहळू दहा सेकंदांपर्यंत ने, तेवढाच वेळ सैल सोड, असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. बाळाला पाजायला बसलीस की करायचं, म्हणजे विसरत नाही. लघवी करता करता मध्येच थांबवून सराव करू नये. फरक दिसायला साधारण तीन महिने लागतात. दुसऱ्या आठवड्यात कंटाळा येतो, तिथे बऱ्याच जणी सोडून देतात.

विड्यांचं सरळ सांगते : आत्ता नाही. मजुरी हजार विड्यांमागे मिळते, घरात पैसा लागतो, हे मला कळतं. पण मांडीवर सूप घेऊन तासन्‌तास मांडी घालून बसणं म्हणजे न भरलेल्या जागेवर सतत भार, आणि उठायचं नाही म्हणून लघवी-संडास दाबून ठेवणं आलंच. शिवाय तंबाखूची धूळ तान्ह्या बाळाच्या नाकात आणि तुझ्या हातावरून त्याच्या तोंडात जाते. तपासणीत डॉक्टर जे सांगतील ते कागदावर लिहून घे, ‘इतके दिवस जमिनीवर बसून काम नको’ असं. सासूबाई तुझं ऐकणार नाहीत, पण डॉक्टरांच्या चिठ्ठीला आपल्याकडे मान आहे.

झोपेत ती खोली दिसणं, स्पर्शाने अंगावर काटा येणं, हा वेडेपणा नव्हे आणि बाहेरची बाधाही नव्हे. भीतीदायक बाळंतपणानंतर काही जणींना असं होतं आणि त्यावर उपचार आहेत. पहिल्या दोन आठवड्यांतलं रडू येणं बहुतेक आपोआप जातं. सातव्या आठवड्यातही रोज ती रात्र परत येत असेल तर मानसोपचार विभागात दाखव. तिथे दहा साधे प्रश्न विचारतील, बाळंतिणीच्या मनाची तपासणी अशीच सुरू होते. घरातून निघणं जमत नसेल तर १४४१६ हा टेली-मानस सरकारी फोन २४ तास चालतो, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. स्वतःला किंवा बाळाला काही करावं असा विचार एकदाही आला, तर उद्यावर टाकू नकोस.

मिस्टरांच्या बाबतीत सव्वा महिना संपला की बाई मोकळी, असा हिशोब घरोघरी असतो. शरीर तो हिशोब मानत नाही. जागा भरलेली हवी आणि तुझं मन हवं, तारीख कुठलीच नाही. पाजताना योनी कोरडी पडते, त्यामुळे पुढे सुरू करशील तेव्हा वंगणाची जेल वापर. दुखलं तर थांबायचं, दात-ओठ खाऊन सोसायचं नाही. तपासणीला त्यांना आत बोलावून डॉक्टरांकडूनच ऐकू दे. आणि पाजते म्हणून दिवस जात नाहीत, यावर विसंबू नकोस. दिवस राहू नयेत म्हणून सरकारी दवाखान्यात ‘अंतरा’ इंजेक्शन, ‘छाया’ गोळ्या आणि तांबी मोफत मिळतात.

पुढच्या वेळी सिझर? हा निर्णय आज घेऊ नकोस. चिमटा लागलेल्या बहुतेक जणींचं पुढचं बाळंतपण अवजाराशिवाय होतं, दुसऱ्या वेळी वाट आधीच मोकळी झालेली असते. पण तपासणीत कड्याची जखम निघाली आणि त्रास उरला, तर पुढच्या वेळी आधीच ठरवून सिझर करण्यावर डॉक्टरांशी बोलायला नक्कीच जागा आहे. म्हणूनही ते कागद जपून ठेव. दोन बाळंतपणांत अंतर ठेव, निदान दोन वर्षं तरी दिवस जाऊ देऊ नकोस.

राहिल्या सासूबाई. त्या ‘होतंच असं’ म्हणाल्या त्यात दुष्टपणाच असेल असं मला वाटत नाही. त्यांची बाळंतपणं कशी झाली, कुणी टाके घातले की नाही, खोकताना-शिंकताना त्यांचं काय होतं, अंग बाहेर येतं का, हे त्यांना आजवर कुणी विचारलेलं नसण्याचीच शक्यता जास्त. त्यांच्या वयाच्या कितीतरी बाया वीस-तीस वर्षं लुगड्याच्या आत कापड ठेवून जगतात आणि सुनेला सांगतात, होतंच असं. भाकऱ्या करताना, घरात पुरुष नसताना, एकदा विचारून बघ. आणि सिव्हिलला जाशील तेव्हा त्यांनाही बरोबर घे. बाळाला धरायला माणूस होईल, आणि खिडकीवर एकाऐवजी दोन केसपेपर काढ.